जेली शॉट्स : तीन रंगांचे थर कसे लावायचे आणि त्यातला पेग कसा मोजायचा?

पार्टीचे रील्स बघत असाल तर हा प्रकार तुमच्या फीडमध्ये एकदा तरी येऊन गेला असेल. खोकल्याच्या औषधाच्या झाकणाएवढे पारदर्शक कप, त्यात खाली लाल, मध्ये केशरी आणि वर पिवळसर जेली. कोणीतरी कप दाबतं, जेली तोंडात टाकतं आणि व्हिडिओ संपतो. बघणाऱ्याला दोन प्रश्न पडतात. हे थर एकमेकांत मिसळत कसे नाहीत? आणि यात खरंच दारू असते का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. हो, असते. पहिल्याचं उत्तर थोडं विज्ञानाचं आहे, पण घरच्या फ्रिजमध्ये जमण्यासारखं आहे. या दोन्हींच्या मध्ये एक तिसरा प्रश्न आहे आणि तो रील्समध्ये कोणी विचारत नाही : एका कपात नेमकी किती दारू आहे? पार्टी तुमच्या घरी असेल, तर याचं उत्तर तुमच्याकडे असायला हवं.

सगळं क्रमाने समजून घेऊ.

जेली शॉट म्हणजे नेमकं काय?

शॉट म्हणजे एका घोटात संपवायचं छोटं ड्रिंक. ते ग्लासात ओतण्याऐवजी जिलेटिन घालून थिजवलं की झाला जेली शॉट. व्होडका, रम, टकीला, जिन यांपैकी काहीही आणि त्याच्या जोडीला फळांचा रस किंवा सरबत, असा साधा मामला. एखाद्या प्रसिद्ध कॉकटेलमधले घटक वेगवेगळ्या थरांत लावले की तो 'लेयर्ड' जेली शॉट.

अमेरिकेत याला 'जेल-ओ शॉट' म्हणतात. जेल-ओ हा तिथला जेलीचा ब्रँड. न्यूयॉर्क राज्यातल्या लरॉय गावच्या पर्ल वेट यांनी तो १८९७ मध्ये आणला आणि दोनच वर्षांनी ४५० डॉलरला विकून टाकला. पुढे हा ब्रँड इतका चालला की अमेरिकेत जेलीलाच जेल-ओ म्हणू लागले, जसं आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतात.

ही आयडिया कोणाची?

याचं श्रेय बऱ्याचदा टॉम लेहरर यांना दिलं जातं. गणिताचे प्राध्यापक आणि उपहासात्मक गाणी लिहिणारे हे अमेरिकन गृहस्थ १९५० च्या दशकात सैन्यात होते. त्यांनी स्वतः सांगितलेली गोष्ट अशी की तळावरच्या ख्रिसमस पार्टीत मद्यपेयांना बंदी होती. बंदी पेयांना आहे, खाण्याच्या पदार्थांना नाही, असा अर्थ काढून त्यांनी आणि त्यांच्या मित्राने व्होडका जेलीत घातली.

किस्सा भारी आहे, पण हा प्रकार त्याहून बराच जुना आहे. जेरी थॉमस या अमेरिकन बारटेंडरने १८६२ मध्ये कॉकटेल्सचं पुस्तक काढलं. त्यात 'पंच जेली' नावाची कृती आहे. तेव्हा ती थिजवायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेला आयझिंग्लास नावाचा पदार्थ वापरायचे.

या कृतीला थॉमसने एक इशाराही जोडला होता. त्याचा मतितार्थ असा : ही जेली जपून खा, कारण तिच्यात दारू इतकी बेमालूम लपते की लोक भरपूर खातात आणि जेवणानंतर नाचायच्या अवस्थेत राहत नाहीत. म्हणजे या पदार्थाचा मुख्य धोका दीडशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी छापून आला होता. तो आजही तोच आहे.

जेली थिजते कशी?

मटण पायाचं सूप फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी ते थिजलेलं दिसतं. तेच जिलेटिन. जनावरांची कातडी, हाडं आणि सांधे यांत कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. ते बराच वेळ पाण्यात शिजवलं की त्याचे धागे सुटे होतात. थंड झाल्यावर हे धागे पुन्हा एकमेकांत गुंततात, त्यांचं जाळं तयार होतं आणि त्या जाळ्यात पाणी अडकून बसतं.

जिलेटिनचं वैशिष्ट्य म्हणजे ते साधारण ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. आपल्या शरीराचं तापमान ३७ अंश. म्हणून जेली तोंडात विरघळते आणि तिच्यातलं मद्य पोटात मोकळं होतं. 'जेलीत आहे म्हणजे कमी चढेल' या समजाला इथेच काही अर्थ उरत नाही.

थरांचं रहस्यही याच तापमानात आहे. पहिला थर थिजला आणि त्यावर गरमागरम दुसरा थर ओतला, तर पहिला वितळणार आणि रंग मिसळणार. दुसरा थर गार करून, पण तो घट्ट व्हायच्या आत ओतला, तर पहिल्याचा फक्त वरचा पापुद्रा किंचित सैल होतो आणि दोन्ही थर एकमेकांना चिकटतात. सगळी करामत एवढीच आहे.

जिलेटिन शाकाहारी आहे का?

नाही. गाई-म्हशी, डुक्कर किंवा मासे यांच्यापासूनच ते बनतं. आपल्याकडच्या पार्टीत हा मुद्दा किरकोळ नसतो. कोणी शाकाहारी असतं, कोणी जैन असतं, कोणाला डुकराचं चालत नाही, कोणाला गाईचं. समोर आलेल्या लाल-पिवळ्या जेलीत हाडांपासून काढलेला पदार्थ आहे, हे बघून कळत नाही. त्यामुळे ते सांगणं यजमानाचं काम.

पाकिटावरची खूण बघा. हिरवा गोल म्हणजे शाकाहारी, तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. आधी मांसाहारासाठीही तपकिरी गोलच असायचा. आपल्या किराणा दुकानात मिळणाऱ्या जेलीच्या बऱ्याच पाकिटांवर हिरवी खूण असते, कारण त्यात जिलेटिनऐवजी कॅरेजिनन असतं. हा समुद्री शेवाळापासून मिळणारा पदार्थ आहे.

इथेच अनेकांचे शॉट्स फसतात. अमेरिकन रेसिपी जिलेटिनसाठी लिहिलेली असते आणि आपण हातात घेतो कॅरेजिननचं पाकीट. दोघांचा स्वभाव वेगळा. कॅरेजिननची जेली बरीच गरम असतानाच घट्ट व्हायला लागते. 'खोलीच्या तापमानाला येऊ द्या' ही सूचना पाळेपर्यंत भांड्यातच गोळा झालेला असतो.

दुसरा शाकाहारी पर्याय आपल्या ओळखीचा आहे : चायना ग्रास, म्हणजेच अगर-अगर. बाजारात खरवस म्हणून जे मिळतं, ते अनेकदा यावरच थिजवलेलं असतं. हेही समुद्री शेवाळापासूनच बनतं. ते ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान थिजतं, पण एकदा थिजलं की ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. मे महिन्यात नागपुरात गच्चीवर पार्टी असेल, तर जिलेटिनचे शॉट्स ट्रेमध्येच सरबत होतील. चायना ग्रासचे टिकतील. तोंडात मात्र ते विरघळत नाहीत, चावावे लागतात.

आता कृती : टकीला सनराइज, तीन थरांत

थरांसाठी सगळ्यात सोपं कॉकटेल म्हणजे टकीला सनराइज. टकीला, संत्र्याचा रस आणि ग्रेनेडिन नावाचं लाल सिरप, एवढंच त्यात असतं. आज बारमध्ये मिळणारी त्याची आवृत्ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या सॉसलिटो शहरात ट्रायडेंट नावाच्या ठिकाणी तयार झाली. १९७२ च्या दौऱ्यात रोलिंग स्टोन्स या रॉक बँडने ते उचललं आणि त्याचं नाव सगळीकडे झालं. ग्लासात लाल सिरप तळाशी बसतं आणि वर केशरी होत जातं, म्हणून सनराइज. जेलीत हाच सूर्योदय थरांनी करायचा.

ग्रेनेडिन मुळात डाळिंबाचं सिरप आहे. ते विकत आणायची गरज नाही. ६० मिली गाळलेल्या डाळिंबाच्या रसात ६० ग्रॅम साखर घाला, मंद आचेवर विरघळवा आणि गार करा. आपल्याला लागतं त्याहून थोडं जास्तच सिरप होईल.

*२० शॉट्ससाठी साहित्य*

- टकीला : १२० मिली
- गाळलेला संत्र्याचा रस : १४० मिली
- डाळिंबाचं सिरप : ८० मिली
- पाणी : १४० मिली
- साधी, बिनवासाची जिलेटिन पावडर : १५ ग्रॅम
- ३० मिलीचे झाकण असलेले कप : २०
- ओतायला : मेडिकलमधून आणलेली १० मिलीची बिनसुईची नवी सिरिंज किंवा ५ मिलीचा मापाचा चमचा

*प्रत्येक थराचं प्रमाण*

- तळाचा लाल थर : सिरप ६० मिली, पाणी ६० मिली, टकीला ४० मिली
- मधला केशरी थर : संत्र्याचा रस ६० मिली, सिरप २० मिली, पाणी ४० मिली, टकीला ४० मिली
- वरचा पिवळा थर : संत्र्याचा रस ८० मिली, पाणी ४० मिली, टकीला ४० मिली

प्रत्येक थराला ५ ग्रॅम जिलेटिन. तिन्ही थर एकदम बनवून ठेवू नका. आधीचा थर थिजत असताना पुढचा करायला घ्या.

*पायऱ्या*

१. लाल थरापासून सुरुवात करा. ४० मिली थंड पाण्यावर जिलेटिन भुरभुरवा आणि १० मिनिटं तसंच राहू द्या. ते फुगून ओल्या रव्यासारखं दिसेल. पावडर थेट गरम पाण्यात टाकली, तर गुठळ्या होतात आणि त्या नंतर फुटत नाहीत.

२. ही वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. जिलेटिन पूर्ण पारदर्शक होईपर्यंत हलक्या हाताने ढवळा. उकळू नका, उकळल्याने त्याची पकड कमी होते.

३. त्यात सिरप आणि उरलेलं पाणी घाला. दोन्ही खोलीच्या तापमानाचं हवं. फ्रिजमधून काढलेलं गार घातलं, तर जिलेटिनचे दोरे होतात.

४. टकीला सगळ्यात शेवटी, गॅसपासून लांब. मद्य ७८ अंशांना उकळतं. गरम मिश्रणात ओतलं, तर ते उडून जातं आणि जवळ ज्योत असेल, तर त्याची वाफ पेट घेऊ शकते.

५. मिश्रणात बोट बुडवल्यावर ना गरम ना गार लागलं, की प्रत्येक कपात दीड चमचा, म्हणजे साधारण साडेसात मिली ओता. फेस आला असेल, तर तो आधी चमच्याने काढा. नाहीतर थराच्या कडेला पांढरी रेघ दिसते.

६. कप ट्रेमध्ये सपाट ठेवून अर्धा ते पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. बोट टेकवल्यावर थर हलकासा चिकट लागला, पण फाटला नाही, तर पुढच्या थराची वेळ झाली.

७. मधला आणि वरचा थर याच पद्धतीने करा. त्यांत जिलेटिन भिजवायला सगळं ४० मिली पाणी लागेल. ओतताना धार थेट मध्यभागी सोडू नका. चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून सोडा, म्हणजे खालच्या थराला खड्डा पडत नाही.

८. शेवटचा थर झाल्यावर झाकणं लावा आणि किमान ४ तास, शक्यतो रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये ठेवून घाई करू नका. बर्फाचे कण जाळं तोडतात आणि नंतर जेलीला पाणी सुटतं.

चायना ग्रासने करायचे असतील तर?

प्रमाण तेच, फक्त तीन गोष्टी बदलतात.

एक, थराला ५ ग्रॅम जिलेटिनऐवजी दीड ते दोन ग्रॅम चायना ग्रास पावडर घ्या. ती गार पाण्यात ढवळून २-३ मिनिटं नीट उकळावी लागते. थोडं पाणी उडून जातं, म्हणून २० मिली जास्त घ्या.

दोन, आंबट रस तिच्याबरोबर उकळू नका. आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की जेली सैल होते. रस वेगळा कोमट करून नंतर मिसळा. टकीलाही फ्रिजमधली नको, कारण गार काहीही पडलं की चायना ग्रास जागच्या जागी थिजतं.

तीन, थरांचा नियम इथे उलटा होतो. जिलेटिनचा पुढचा थर गार करून ओततात, चायना ग्रासचा गरम असतानाच ओतावा लागतो. आणि तोही खालचा थर नुकताच घट्ट होत असताना. खालचा थर पूर्ण गार झाला, तर दोन्ही थर चिकटत नाहीत आणि कपातून काढताना सुटे होतात. आधीचा थर वितळेल ही भीती मात्र नाही, कारण तो ८५ अंशांशिवाय वितळत नाही.

जेली थिजलीच नाही, असं का होतं?

सगळ्यात मोठा संशयित म्हणजे ताजं फळ. अननस, पपई, किवी, ताजं अंजीर आणि आलं यांत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. मटण मऊ करायला कच्ची पपई लावतात, ती याचसाठी. जिलेटिनही प्रथिनच, त्यामुळे ताज्या अननसाच्या रसात ते कधीच थिजणार नाही. पिना कोलाडाचे थर करायचे असतील, तर अननसाचा रस आधी उकळून गार करा किंवा डबाबंद अननस वापरा. उष्णतेने एन्झाइम निकामी होतं. चायना ग्रास आणि कॅरेजिनन प्रथिनं नाहीत, म्हणून त्यांना या फळांचा त्रास होत नाही.

दुसरं कारण, दारू जास्त. मद्याचं प्रमाण वाढत गेलं की जिलेटिनचं जाळं नीट बांधलं जात नाही. वरच्या कृतीत टकीला एकूण मिश्रणाच्या एक चतुर्थांश आहे. हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आत ठेवलं, तर थर स्वच्छ येतात.

एका शॉटमध्ये किती दारू?

हा हिशेब करायला कॅल्क्युलेटरही लागत नाही. छोटा पेग म्हणजे ३० मिली. आपण १२० मिली टकीला घेतली, म्हणजे ४ छोटे पेग. ते २० कपांत वाटले गेले. म्हणजे ५ शॉट्स खाल्ले की एक छोटा पेग झाला.

आता इंटरनेटवरची कडक रेसिपी बघा. त्यात अर्धी दारू आणि अर्धं पाणी असतं. तेवढ्याच २० कपांत २४० मिली, म्हणजे ८ पेग. तिथे अडीच शॉट्सचा एक पेग होतो. कप तोच, रंग तोच, चवही जवळपास तीच, पण दारू दुप्पट.

कुठल्याही रेसिपीसाठी सूत्र एकच. एकूण दारूला ३० ने भागा, म्हणजे पेग मिळतील. कपांच्या संख्येला त्या पेगांनी भागा, म्हणजे किती शॉट्सचा एक पेग ते कळेल.

भारतात मिळणाऱ्या व्होडका, रम, जिनमध्ये साधारणपणे ४२.८ टक्के मद्यार्क असतो. त्याच्या ३० मिलीत जवळपास १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं. ते पचवायला शरीराला ढोबळमानाने एक तास लागतो. यकृत या कामाचा वेग वाढवत नाही. लिंबूपाणी, ब्लॅक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, कशानेही नाही.

मग चढते कशी, ते कळत का नाही?

पेल्यातली दारू स्वतःच वेग ठरवते. ती घशाला जळजळते, वास येतो, घोट घोट घ्यावी लागते आणि ग्लास रिकामा झालेला दिसतो. जेलीत हे चारही इशारे गायब होतात. साखर कडवटपणा झाकते, गारव्याने चव बोथट होते, गिळायला दोन सेकंद लागतात आणि रिकामे कप लगेच कचऱ्यात जातात. किती झाले हे कोणाच्याच लक्षात राहत नाही.

त्यात दारूचा परिणाम लगेच दिसत नाही. पोट किती भरलं आहे त्यावर तो अर्ध्या ते दीड तासाने शिगेला पोहोचतो. पहिल्या १५ मिनिटांत 'काहीच होत नाहीये' म्हणून आणखी चार खाल्ले जातात. मग ते सगळे एकदम अंगावर येतात.

म्हणून यजमानाने करायच्या गोष्टी :

- ट्रेजवळ एक पाटी ठेवा : यात दारू आहे, ५ शॉट्स = १ पेग, जिलेटिन आहे किंवा नाही.
- रिकामे कप फेकू नका. प्रत्येकाने आपले कप एकात एक घालून जवळ ठेवायचे. मोजणी आपोआप होते.
- सगळे शॉट्स एकदम बाहेर काढू नका. थोडे थोडे काढा. ट्रे बर्फावर ठेवला, तर थरही टिकतात.
- जेवण आधी, शॉट्स नंतर. रिकाम्या पोटी दारू लवकर रक्तात उतरते.
- न पिणाऱ्यांसाठी टकीलाऐवजी तेवढाच रस घालून वेगळी बॅच करा. ती वेगळ्या रंगाच्या कपात ठेवा, फक्त वेगळ्या ट्रेमध्ये नको. ट्रे बदलतात, कप बदलत नाहीत.

घरात लहान मुलं असतील तर?

तर हे शॉट्स करावेत का, याचाच आधी विचार करा. आपल्याकडे जेली हा वाढदिवसाचा, मुलांचा खाऊ आहे. तीन वर्षांच्या मुलाला फ्रिजमध्ये रंगीत जेली दिसली, तर ते खाणारच आणि वास आला म्हणून थांबणार नाही. लहान मुलांच्या शरीरात थोड्या दारूनेही रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

करायचेच असतील, तर झाकणाच्या डब्यात, डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून, सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवा. उरलेले त्याच रात्री संपवायचा आग्रह नको, पण 'उद्या बघू' म्हणून विसरूही नका. मोजून टाकून द्या. मुलाने एखादा खाल्ल्याचा संशय आला, तर लक्षणांची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

मोठ्यांच्या बाबतीतही काही खुणा लक्षात ठेवा. हाक मारून, हलवून जाग येत नाही, श्वास संथ किंवा अडखळत चालला आहे, अंग गार पडलं आहे, झोपेतच उलटी होते आहे. 'झोपू दे, सकाळी उतरेल' हे अशा वेळी सगळ्यात घातक वाक्य असतं. त्या व्यक्तीला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका आणि १०८ किंवा ११२ ला फोन करा.

कायदा काय सांगतो?

जेली असली तरी आत दारू आहे, त्यामुळे दारूचे नियम विसरून चालत नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षं आहे. व्होडका, रम, टकीला अशा कडक मद्यासाठी ती २५ वर्षं आहे. शेजारच्या गोव्यात हीच अट १८ वर्षं आहे. गोव्यात चालतं म्हणून कॉलेजच्या ग्रुपला पुण्यातही चालेल, असं नाही.

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. हॉल, फार्महाऊस अशा ठिकाणी पार्टीत मद्य देणार असाल, तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा परवाना घ्यावा लागतो. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदीच आहे.

आणि गाडी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं, तर पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. 'मी प्यायलो नाही, फक्त जेली खाल्ली' हे वाक्य खरं असलं, तरी नाकाबंदीवरच्या मशीनला त्याने काही फरक पडत नाही.

थोडक्यात

थर जमण्याचं गुपित तापमानात आहे. जिलेटिन असेल, तर पुढचा थर गार करून ओता. चायना ग्रास असेल, तर गरम असतानाच ओता. ताजा अननस, पपई, किवी जिलेटिनपासून लांब ठेवा. दारू एक तृतीयांशाच्या आत ठेवा. आणि कप मांडण्याआधी, किती शॉट्सचा एक पेग होतो, तो आकडा पाटीवर लिहा. खाणाऱ्याला चवीवरून तो कळणार नाही, तो तुम्हीच सांगायचा आहे.